चार शाळा, एक इमारत, आणि चित्रकलेचा शिक्षक शून्य

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, हे बहुतेकांना माहीत आहे. त्या कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे. शाळेत काय काय असलंच पाहिजे त्याची ती यादी. किती मुलांमागे किती शिक्षक, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, प्यायचं पाणी, मैदान, ग्रंथालय. पालकसभेत ही यादी मी अनेकदा वाचून दाखवलीय. तिच्यात चित्रकलेच्या शिक्षकाचा उल्लेख एकदाच येतो. सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल, तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक असावेत. बस्स. पहिली ते पाचवीच्या रकान्यात कलेचं नावही नाही.

आता ही ओळ कुर्ल्यात आणून बघा.

मुंबईत पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. ही या शहराची श्रीमंतीच आहे. आमच्या भागात एकाच इमारतीत तीन-चार माध्यमांच्या शाळा भरतात, सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत. गेट एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. पण कागदावर त्या वेगवेगळ्या शाळा. मस्टर वेगळं, मुख्याध्यापक वेगळे, पट वेगळा. मराठी माध्यमाचा पट घसरतोय हे सांगायला नको. त्यामुळे आमच्या सहावी, सातवी, आठवीची बेरीज शंभरला पोचत नाही. म्हणजे त्या अंशकालीन निदेशकावर सुद्धा कायद्याने आमचा हक्क नाही. वरच्या मजल्यावरच्या शाळेचं तेच. चारही माध्यमांची मुलं एकत्र मोजली तर शंभर केव्हाच ओलांडले जातात. पण एकत्र कोण मोजणार? कायदा शाळा मोजतो, इमारत मोजत नाही.

मी प्राथमिकची वर्गशिक्षिका आहे. सध्या चौथी. गणित, मराठी, परिसर अभ्यास, इंग्रजी सगळं मीच शिकवते, आणि कला पण मीच. डीएडला कलेचा भाग होता, त्यात आम्ही शैक्षणिक साहित्य बनवायला शिकलो. तक्ते, मुखवटे, कागदकाम. तेवढ्यावर कोणी चित्रकलेचा शिक्षक होत नाही. शाळेचं आणि इमारतीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. ज्यांची मुलं कुर्ला, साकीनाका, जरीमरी, चुनाभट्टी, नेहरूनगर इथल्या अशा इमारतींत जातात त्यांना वाचता वाचताच ओळख पटेल.

वेळापत्रकात कलेच्या तासिका आहेत बरं का. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तकही आहे. खेळू म्हणजे शारीरिक शिक्षण, करू म्हणजे कार्यानुभव आणि शिकू म्हणजे कला. तीन विषय एका पुस्तकात. पुस्तक वाईट नाही. ठशांचं काम, मातीकाम, कोलाज, गाणं, अभिनय, सगळं आहे त्यात. पण पुस्तक बघून पोहायला शिकवता येत नाही, तसंच हे. चौथीतल्या मुलाने हिरव्यात काळा मिसळून झाड मळकट करून टाकलं, तर त्याला पुढे काय सांगायचं? माणूस काढताना हात कानाला का चिकटतोय? हे ज्याच्या हाताने स्वतः हजार चित्रं काढलीत त्यालाच चटकन दिसतं.

आणि तासिकेचं प्रत्यक्षात काय होतं? परीक्षा जवळ आली की ती गणिताकडे जाते. ऑनलाइन माहिती भरायची असली की ती माहितीकडे जाते. कोणी साहेब भेटीला येणार असले की मात्र कला एकदम जिवंत होते. फलकलेखन, रांगोळी, तोरण, प्रवेशद्वारावर कागदी फुलं. चांगलं अक्षर आणि चांगला हात असलेली पाच-सहा मुलं दोन दिवस वर्गाबाहेर. बाकीची आत बसून शुद्धलेखन. मी आधी ज्या एका शाळेत होते तिथे तर एका मुलीला तीन वर्षं फक्त स्वागताचा फळा रंगवायला बोलवायचे. मुलगी हुशार. पण तीन वर्षांत तिने स्वतःच्या मनातलं एक चित्र शाळेत काढलं नाही. शाळेच्या लेखी मात्र ती 'कलेत प्रावीण्य' असलेली विद्यार्थिनी.

वर्षाच्या शेवटी मूल्यमापन. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात कलेलाही श्रेणी द्यायची आणि वर्णनात्मक नोंद लिहायची. या नोंदी व्हॉट्सअॅपवर तयार मिळतात. आवडीने रंग भरतो. मातीकामात रस घेतो. आता गंमत बघा, मातीच आणली नाही त्या वर्गातही मुलं मातीकामात रस घेतात! यात माझ्या सहकाऱ्यांना नावं ठेवायचा हेतू नाही. एका वर्गशिक्षकाच्या अंगावर मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, बँक खाती, आधार हे सगळं असतं. ज्या विषयाचं त्याला कोणी धड शिकवलं नाही आणि जो कोणी तपासायला येत नाही, तो विषय आधी गळणार, हे उघड आहे.

गळला तर गळला, बिघडलं काय, असं विचारणारे बरेच असतात. म्हणून माझ्या वर्गातलं जरा सविस्तर सांगते.

चौथीच्या मुलांना म्हटलं, कुठलंही चित्र काढा. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि आकाशात चारचे आकडे उलटे करून केलेले पक्षी. जवळजवळ सगळ्या वह्यांत तेच. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात अशी झोपडी पाहिलेली नाही. ती राहतात दहा बाय बाराच्या खोलीत, वर पोटमाळा, वर निळी ताडपत्री. नदी त्यांना माहीत आहे ती मिठी, आणि मिठी काही वळणं घेत निळी वाहत नाही. पण चित्र म्हणजे डोंगर-सूर्य-नदी, हे कुठून तरी पक्कं झालेलं. आणि ज्यांना ते जमत नाही ती मुलं नऊ वर्षांची असतानाच म्हणतात, "बाई, मला चित्र येत नाही." गणित येत नाही म्हणणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे उपचारात्मक वर्ग आहे. चित्र येत नाही म्हणणाऱ्याला आपण म्हणतो, असू दे.

मग त्यांना सांगितलं, घरापासून शाळेपर्यंत येताना जे दिसतं तेच काढायचं. डोंगर दिसत असेल तर डोंगर काढा. हसली. दुसऱ्या दिवशी चित्रं आली त्यात लोंबकळणाऱ्या वायरी होत्या, पाण्याचे पाइप, गटारावरची फरशी, बकऱ्या, टेम्पोच्या मागचं लिहिलेलं, स्कायवॉकचे खांब. आणि एका मुलाच्या कागदावर मध्यभागी एक विचित्र आकार, क्रॉससारखा, त्याला खाली चाकं. मी विचारलं हे काय रे? तो म्हणाला, "विमान." पुस्तकातलं विमान नेहमी बाजूने काढलेलं असतं, खिडक्यांची रांग असलेलं. कुर्ल्यात विमान उतरायच्या वाटेवर असतं, चाकं बाहेर काढलेलं, छपरांवरून जातं. आम्हाला त्याचं पोट दिसतं. त्या मुलाने पाहिलेलं काढलं होतं. वर्गातली बाकीची मुलं कागदाभोवती जमली आणि पंख कुठे जाड असतो, चाकं किती असतात यावर भांडायला लागली. त्या दिवशी सुट्टीत सगळ्यांच्या माना वर. पुढच्या आठवड्यात 'मला येत नाही' म्हणणाऱ्या दोघांनी वही आणली.

निरीक्षण म्हणजे काय हे शिकवायला मी विज्ञानाच्या तासाला वर्षभर धडपडते. ते इथे अर्ध्या तासात झालं.

दुसरी गोष्ट डिझाइनची. डिझाइन म्हटलं की लोकांना फॅशन आठवते, नाहीतर महागडं कॉलेज. पण आपल्या जुन्या एलिमेंटरी परीक्षेत हा विषय आहेच, संकल्पचित्र नावाने. आम्ही ते चौकोनात फुलं-पानं बसवण्यापुरतं ठेवलं. खरं तर एखादी अडचण बघायची, कोणासाठी आहे ते समजून घ्यायचं, करून बघायचं, चुकलं की बदलायचं, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तो आठ-नऊ वर्षांच्या मुलांना छान कळतो.

आमच्या इमारतीत एका नळाला प्यायचं पाणी आणि दुसऱ्याला वापरायचं. पाटी मराठीत. उर्दू माध्यमाच्या पहिलीतल्या मुलाने ती कशी वाचायची? मराठीच्या पहिलीतल्या मुलाला तरी कुठे वाचता येतं! म्हणून माझ्या वर्गाला काम दिलं. अक्षर न वापरता पाट्या करायच्या. प्यायचं पाणी, जिन्यात पळू नका, आणि स्वच्छतागृहात पाणी टाकून हात धुवा. मुलांना निवडणूक चिन्हांचं उदाहरण दिलं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र दिलं गेलं. आजही आपण चित्र बघूनच बटण दाबतो. तेवढं त्यांना पुरलं.

पहिल्या पाट्या सुंदर होत्या आणि निरुपयोगी. नळाचं चित्र दोन्ही नळांवर सारखंच लागू! मग कोणीतरी पेला काढला आणि दुसऱ्यावर बादली. ते चाललं. स्वच्छतागृहाच्या पाटीवर तीन चित्रं ओळीने काढली होती. आधी वापर, मग पाणी टाका, मग हात धुवा. वरच्या मजल्यावरच्या उर्दू शाळेतल्या टीचरना विनंती केली आणि त्यांच्या दुसरीतल्या मुलांना पाटी दाखवली. त्यांनी उजवीकडून वाचायला सुरुवात केली. हात धुवा, पाणी टाका, मग वापर! माझा वर्ग आधी खो खो हसला, आणि मग गप्प झाला, कारण पोरांच्या लक्षात आलं की ती मुलं चुकलेली नाहीत. त्यांचं वाचन उजवीकडूनच सुरू होतं. बराच वेळ खल झाला. बाण टाकूया, आकडे टाकूया. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, वरून खाली लावूया ना. वरून खाली तर सगळेच वाचतात." पाटी उभी झाली. चारही शाळांच्या लहान मुलांना दाखवली, कोणी अडखळलं नाही.

आपल्या शेजाऱ्याचा डोळा आपल्यापेक्षा वेगळीकडून सुरुवात करतो, आणि तरी दोघांना चालेल अशी पाटी करता येते. मूल्यशिक्षणाच्या परिपाठात मी हे वाक्य शंभरदा बोलले असते तर कोणी ऐकलं नसतं. कुर्ल्यासारख्या ठिकाणी ते कळणं किती गरजेचं आहे, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि हातात कसब असलेल्या माणसांची इथे वाण आहे का? हा गिरणीचा आणि कारखान्यांचा भाग. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल केली. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली काळी-पिवळी टॅक्सी, कुर्ल्यातल्या कारखान्यात बनायची. ते सगळं बंद झालं. पण गल्ल्यांत आजही बॅगा शिवल्या जातात, जरीकाम होतं, पत्रा वाकवला जातो, शटर बनतात, नंबरप्लेट रंगतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बॅगांचं कटिंग करतात. त्यांना शाळेत बोलावलं. आधी लाजले, "मॅडम, मी काय शिकवणार, मी सातवी नापास." मग त्यांनी पुठ्ठ्याचे फर्मे काढले आणि रेक्झिनच्या तुकड्यावर ते कसे फिरवून, उलटे करून बसवायचे ते दाखवलं, कमीत कमी कापड वाया जावं म्हणून. क्षेत्रफळाचा धडा मी त्याच आठवड्यात घेणार होते. अर्धा तिथेच झाला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहीत बसत नाही. बापाच्या कामाला शाळेत किंमत आहे हे त्याला पहिल्यांदा दिसलं, एवढं म्हणते.

हे सगळं मी काही नवीन शोधलेलं नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात मूलोद्योगाबरोबर चित्रकला आणि संगीत हे रीतसर विषय होते. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तिथल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. कला हा शिक्षणाचा पायाच आहे अशी मांडणी त्यांनी पुढे पुस्तकात केली. विचार करा, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात, स्वातंत्र्य मिळायच्या आधी, प्राथमिकच्या मुलांना पूर्णवेळ कलाशिक्षक होता. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला सक्तीचा विषय करा म्हटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर मुख्य विषय आणि 'इतर' विषय असा भेदच नको म्हटलं. एनसीईआरटीने तिसरीसाठी कलेचं स्वतंत्र पुस्तक काढलं, 'बांसुरी' नावाचं. कागदावर आपण कुठेही कमी नाही. फक्त वर्गात उभं राहायला माणूस नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जोरात येणारा: मुलांना धड वाचता येत नाही आणि बाईंना चित्रं सुचतायत! निपुण भारतचं लक्ष्य आहे की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाने वाचावं, समजून घ्यावं, साधी गणितं करावीत. मला ते लक्ष्य पूर्ण मान्य आहे, माझी रोजची निम्मी मेहनत त्यातच जाते. पण पहिलीतलं मूल अक्षर गिरवतं तेव्हा त्याला रेघेवर ताबा लागतो, डावं-उजवं कळावं लागतं, ब आणि व मधला फरक डोळ्याला दिसावा लागतो. हे सगळं चित्रातून येतं. आणि ज्या मुलाची घरची भाषा भोजपुरी, कन्नड किंवा दख्खनी आहे, ते मूल मराठीच्या वर्गात पहिले काही महिने तोंडच उघडत नाही. त्याच्या हातात खडू दिला तर ते चित्र काढतं, आणि काढलेल्या चित्राबद्दल विचारलं की मोडकंतोडकं का होईना, बोलतं. वाचन आणि चित्र यांच्यात भांडण लावायचं कारणच नाही.

दुसरा आक्षेप: याने मार्क मिळतात का? मिळतात की! इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पास झाल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. ए ला ७, बी ला ५, सी ला ३. पण ते कोणाला मिळतात बघा. आठवी-नववीत ज्या मुलाच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे, किंवा ज्याचे आईवडील क्लासची फी भरू शकतात, त्याला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे तेराव्या वर्षी एकदम सुरू करून जमत नाही. पहिलीपासून ज्याच्या हातात कागद होता तो पुढे असणार. दहावीच्या निकालात ७ गुण म्हणजे काय असतात हे अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या बघणाऱ्या कुठल्याही पालकाला विचारा. सरकारने सगळ्यांसाठी ठेवलेली ही सवलत आमच्या मुलांच्या दारावरून पुढे निघून जाते.

तिसरा आक्षेप पैशाचा. पैसा नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. मुंबईत पालिका शाळांतल्या मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या अशा २७ वस्तू मोफत मिळतात, आणि त्याचा मुलांना खरोखर आधार आहे. पालिकेची बालचित्रकला स्पर्धा होते तेव्हा बागा मुलांनी फुलून जातात, मी दरवर्षी मुलं घेऊन जाते. छान दिवस असतो. पण कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा वर्षाला किमान २०० दिवस चालते. स्पर्धेचा दिवस एक. उरलेल्या १९९ दिवसांत मुलांना कोणी रंग कसा मिसळायचा ते दाखवलेलं असेल तर त्या एका दिवसाला अर्थ आहे.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, उत्तर म्हणून दिली जाते. आता सगळे विषय कलेच्या माध्यमातून शिकवायचे आहेत, मग वेगळा शिक्षक कशाला? कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवणं छानच आहे, मी करते. पण त्यात शिकवला जातो तो अपूर्णांक. इंग्रजी माध्यमात सगळे विषय इंग्रजीतून शिकवतात म्हणून इंग्रजीचा शिक्षक कोणी काढून टाकत नाही.

मग मागायचं काय? मला वाटतं मागणी अगदी छोटी आणि व्यवहारी ठेवावी.

पहिलं, कलाशिक्षकासाठी शाळा न मोजता इमारत मोजा. चार माध्यमांच्या चार शाळा असल्या तरी चित्रकलेला मराठी, उर्दू, हिंदी असं माध्यम लागत नाही. एकच शिक्षक सकाळच्या सत्रातल्या दोन शाळांना आणि दुपारच्या एक-दोन शाळांना शिकवू शकतो. कायद्याने किमान ठरवलंय, त्याहून जास्त देऊ नका असं कायदा कुठेही म्हणत नाही.

दुसरं, सुरुवात पहिलीपासून करा. सहावीत शिक्षक आला तोपर्यंत 'मला येत नाही' पक्कं झालेलं असतं.

तिसरं, नेमणूक अख्ख्या वर्षाची करा. तासावर पैसे मोजून जूनमध्ये आलेला माणूस दिवाळीनंतर दिसत नाही, कारण त्यालाही घर चालवायचंय. एटीडी करून बसलेले किती तरुण मला माहीत आहेत. कोणी फ्लेक्सच्या दुकानात बॅनर लावतोय, कोणी डिलिव्हरी करतोय, एक जण मॉलमध्ये लहान मुलांच्या गालावर वाघ रंगवतो. आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर.

चौथं, त्या शिक्षकाला सजावटीला जुंपू नका. साहेबांच्या स्वागताचा फळा साहेबांच्या ऑफिसने छापून आणावा.

आणि हे होणार कसं? त्यासाठी आपल्या हातात एक साधन आहे ते फारसं कोणी वापरत नाही. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा बनवणं हे या समितीचं कायदेशीर काम आहे. अनेक ठिकाणी हा आराखडा मागच्या वर्षीचा उचलून सही करून पाठवतात. तुमचं मूल अशा इमारतीत शिकत असेल तर पुढच्या बैठकीला जा आणि आराखड्यात एक ओळ लिहायला लावा: इमारतीसाठी एक पूर्णवेळ कलाशिक्षक, पहिलीपासून. एका शाळेने लिहिलं तर फाइलमध्ये पडेल. एकाच इमारतीतल्या चारही शाळांच्या समित्यांनी, चार भाषांत, तीच ओळ लिहून एकाच दिवशी दिली, तर उत्तर द्यावंच लागेल. आमच्या इमारतीत मी तीन समित्यांमधल्या पालकांशी बोललेय. चौथ्या शाळेच्या पालकांची बैठक या शनिवारी आहे.

शेवटचं एक. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून या शहरात आहे. कुर्ल्याहून सीएसएमटीला जाणारी स्लो लोकल पकडली तर अर्ध्या तासात माणूस तिथे पोचतो. माझ्या वर्गातली सगळी मुलं चित्रकार व्हावीत असं माझं म्हणणं नाही, होणारही नाहीत. पण त्या विमानाचं पोट काढणाऱ्या मुलाला अशी एक जागा आहे हे कोण सांगणार? मी सांगितलं. तो म्हणाला, "तिथे जायला काय यावं लागतं?" त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही, कारण तो माझा विषय नाही. ज्याचा विषय आहे असा माणूस आम्हाला पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या ओळखीच्या पालकांपर्यंत हे पोचवा. आराखड्यातली ओळ कशी लिहायची यात मदत लागली तर मला मेसेज करा. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, चारही भाषांतला मसुदा तयार आहे.